खाडीच्या तळाचा वाटा

पाणी मानवेनासं झालं की मासा निघून जातो. शिवलीला, म्हणजे खाडीतल्या खायच्या शिंपलीला, ती सोय नाही. पिल्लू असताना ती तळाला जिथे बसली, तिथेच चार बोटं वाळूखाली तिचा जन्म जातो. वैशाखात जवळजवळ समुद्राइतकं खारं पाणी, आषाढात विहिरीसारखं गोडं, एरवी मचूळ. वरून येईल ते सोसायचं, नाही सोसलं तर मरायचं. कालवं (ऑयस्टर) तर दगडालाच चिकटलेली. म्हणून नदीने खाडीला किती पाणी दिलं आणि मुख्य म्हणजे केव्हा दिलं, हे जाणून घ्यायचं तर तळाला विचारावं. आपल्या पाण्याच्या राजकारणात मात्र त्याला आजवर कुणी साक्षीला बोलावलेलं नाही.

त्या राजकारणातलं लाडकं वाक्य आपल्याला पाठ आहे: पश्चिमवाहिनी नद्यांचं पाणी समुद्रात वाया जातं. सरकार बदललं तरी वाक्य बदलत नाही. नार-पारचं पाणी गिरणेत, दमणगंगेचं मुंबईला, उल्हास-वैतरणेचं गोदावरी खोऱ्यात; नकाशावर बोगद्यांच्या आणि उपसा योजनांच्या रेघा कधीच ओढून झाल्या आहेत. मराठवाड्याची तहान खोटी आहे असं म्हणायची माझी छाती नाही. ज्या गावात होळीच्या आधी टँकर सुरू होतो, तिथल्या बाईला शिवल्यांचं कौतुक ऐकवायला जाणं हा निर्लज्जपणा होईल. माझं भांडण ‘वाया’ या एका शब्दाशी आहे. पिण्याचा वाटा मांडला, शेतीचा मांडला, कारखान्यांचा आणि विजेचा मांडला, आणि उरलं ते वाया. खाडीचा रकानाच वहीत आखलेला नाही. मग तिच्या नावावर जमा काय दिसणार?

खाडी त्या पाण्याचं करते तरी काय?

माझं आजोळ रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठचं. मामी सुकतीला, म्हणजे ओहोटीला, टोपली घेऊन उतरायची आणि चिखलात पाय फिरवत फिरवत पायाच्या बोटांनीच शिवल्या हेरायची. पावसाळ्यात मात्र ती खाडीकडे फिरकत नसे. “आत काय नाय आता, नुसती टरफलं,” म्हणायची. दिवाळी झाली की पुन्हा पाय फिरवून अंदाज घ्यायचा: यंदा इथे बसल्यात, पलीकडे नाहीत. मामी पायाने जे मोजत होती, तेच दोनापावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले संशोधक १९७०च्या दशकात मांडवी आणि झुवारीच्या तळाचा गाळ चाळून मोजत होते, हे मला फार पुढे कळलं. उत्तरही सारखंच निघालं. पावसाळ्यात तळातल्या जिवांची संख्या कोसळते आणि पाऊस ओसरला की तळ पुन्हा भरू लागतो. दरवर्षी उजाडायचं आणि दरवर्षी वसायचं, अशी तिथल्या संसाराची रीतच आहे.

शिवली, कालवं आणि चिखलातले बहुतेक कृमी यांना अंगातला क्षार बाहेरच्या पाण्यापासून फारसा वेगळा राखता येत नाही. बाहेर गोडं पाणी आलं की ते अंगात शिरतं आणि पेशी फुगू लागतात. शिवली मग शिंपा घट्ट मिटून घेते. मिटली की खाणं बंद, श्वासही बंद. साठवणीवर काही दिवस काढायचे. कृमी खोल जातात, कारण वरचं पाणी झटकन बदललं तरी गाळाच्या कणांमधलं पाणी सावकाश बदलतं. चार-सहा दिवसांचा पूर बरेच जण काढतात. महिनाभराचा गोडवा काढणं सगळ्यांना जमत नाही.

पण याच गोड्या पाण्यावाचून त्यांचं चालतही नाही, आणि ही गोष्ट वरून दिसत नाही. नदीचं पाणी हलकं, ते वरच्या थरातून समुद्राकडे जातं. समुद्राचं जड, ते तळाला धरून आत सरकतं. शिवलीची पिल्लं पहिले दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतात. तळाकडून आत येणाऱ्या या प्रवाहामुळे त्यांतली काही खाडीत टिकून राहतात, नाहीतर सगळी भर समुद्रात गेली असती. हे रहाट फिरवते नदी. ती आटली की रहाट मंदावतो, ती बेफाम आली की पिल्लांना घेऊनच जाते. शिवाय ती वाळू आणते, गाळ आणते, आणि डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाला लागणारी सिलिका आणते; ते शेवाळ हा शिवलीचा रोजचा घास. खाडीचा तळ वाळूचा राहणार की चिखलाचा होणार, हेही बरंचसं नदीच ठरवते. वाळू धरणात अडकली आणि बारीक गाळ तेवढा खाली आला, तर वाळूत राहणारी जात वीतभर चिखलाखाली गुदमरते. आणि तळ गेला की चिंबोरी, शेंगटी, कोळंबी यांचं ताट गेलं. जाळ्यात येणाऱ्या मासळीचा मोठा हिस्सा तळावर चरूनच वाढलेला असतो.

पाणी पुरतं तोडल्यावर काय होतं, हे पाहायला अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर जावं लागतं. कोलोरॅडो नदी १९३०च्या दशकापासून धरणांमागून धरणांत अडकत गेली आणि आता बहुतेक वर्षी समुद्राला मिळतच नाही. तिच्या मुखाशी नुसत्या शिंपल्यांची बेटं आणि किनारे आहेत. संशोधकांनी अंदाज बांधला तेव्हा त्या ढिगांत किमान दोन लाख कोटी शिंपले निघाले. एके काळी दर चौरस मीटरला सुमारे ५० जिवंत शिंपले असावेत, असं त्यावरून गणित आलं. मोजणीच्या वेळी उरले होते ३. हे पाणी तर वायाच जात होतं, असं तिथल्याही अभियंत्यांनी एके काळी मोठ्या अभिमानाने म्हटलं असणार.

आपल्याकडची गोष्ट याहून चमत्कारिक आहे, कारण ती उलटी आहे. कोकणातल्या काही खाड्यांना आपण पाणी कमी नव्हे, जास्त देतो. तेही घाटावरचं. टाटांची जलविद्युत केंद्रं सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वेकडे वाहणारं पाणी अडवून पश्चिमेला सोडतात. खोपोलीचं पाताळगंगेत, भिवपुरीचं उल्हासात, मुळशीचं पाणी भिऱ्यातून कुंडलिकेत. कोलाडला भर उन्हाळ्यात राफ्टिंग चालतं ते याच पाण्यावर. सकाळी केंद्रातून पाणी सुटलं की बोटी निघतात. पर्यटकांच्या फोटोतलं ते फेसाळतं पाणी पुढे रेवदंड्याच्या खाडीत जातं, तेव्हा आजूबाजूच्या ओढ्यांत टिपूसही नसतो.

आणि सगळ्यांत मोठी कोयना. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेतून वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायला वर्षाला ६७.५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मान्य केलं. म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. बारा महिन्यांत सारखं वाटलं तर सेकंदाला साठ हजार लिटर. हे पाणी पोफळी आणि कोळकेवाडीच्या वीजकेंद्रांतून चिपळूणला वाशिष्ठीत येतं आणि दाभोळच्या खाडीतून समुद्राला मिळतं. म्हणून वाशिष्ठी उन्हाळ्यातही भरलेली दिसते, चिपळूणकरांना त्याचा आनंद आहे आणि तो रास्तही आहे. पण खाडीच्या तळाचा विचार करा. कोकणातल्या नदीने मार्गशीर्षापासून बारीक होत जायचं, चैत्र-वैशाखात खाऱ्या पाण्याने वरपर्यंत चढायचं, आणि मृगात पुन्हा माघार घ्यायची, ही लय तळातल्या जिवांच्या अंगवळणी पडायला हजारो वर्षं गेली. त्यात गेली साठ वर्षं आपण उन्हाळ्यात एक दुसरी नदी ओततो आहोत. तीही एकसारखी नव्हे. विजेची मागणी चढली की जास्त, उतरली की कमी. भरती-ओहोटीचं वेळापत्रक चंद्र ठरवतो. हे दुसरं वेळापत्रक लोक पंखे केव्हा लावतात यावर ठरतं. शिंपा केव्हा मिटायचा आणि केव्हा उघडायचा, हे शिवलीने कुणाच्या घड्याळाकडे पाहून ठरवावं?

या पाण्याला सरकारी कागदांत आणि वर्तमानपत्रांत ‘अवजल’ म्हणतात. वापरून टाकलेलं पाणी. एका बाजूला खाडीत जाणारं नैसर्गिक पाणी ते ‘वाया’ आणि दुसऱ्या बाजूला खाडीत सोडलेलं परकं पाणी ते ‘अवजल’. दोन्ही शब्दांत खाडी म्हणजे मोरीचं भोक.

गोड्या पाण्याचं आधिक्य हा काही मी काढलेला बागुलबुवा नाही. केरळात वेंबनाड कायलात (समुद्राशी जोडलेल्या मचूळ सरोवरात) १९७०च्या दशकात तण्णीरमुक्कमचा बंधारा बांधला, तो खारं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून. उन्हाळ्यात दारं बंद. बंधाऱ्याच्या दक्षिणेचं पाणी गोडं राहिलं आणि भात वाचला. पण तिथली काळी शिवली, जिच्यावर कायलाकाठच्या हजारो कुटुंबांचं पोट, तिला प्रजननासाठी पाण्यात थोडा खारटपणा लागतो. मोठी शिवली गोड्यात जगते, पण वंश वाढवत नाही. बंधाऱ्याच्या उत्तरेला शिवल्यांचे थर राहिले, दक्षिणेला विरळ होत गेले. इथे कुणी विष कालवलेलं नव्हतं. चुकली होती ती फक्त वेळ.

आपल्या पूर्वजांना ही वेळ कळत होती. गोव्यातल्या खाजणांचे (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतांचे) मानस घ्या किंवा रायगडच्या खारबंदिस्तीतल्या उघाड्या; दोन्ही म्हणजे बांधातली पाण्याची दारं. लाकडी दार भरतीने आपोआप मिटतं आणि ओहोटीने उघडतं, आणि कोणत्या महिन्यात खारं पाणी आत घ्यायचं ते गाव ठरवतं. एवढ्या बारकाईने पाणी हाताळणाऱ्या लोकांचे वंशज आज वर्षाला अमुक टीएमसी एवढ्या एकाच आकड्यावर हाणामारी करतात, याची मला गंमत वाटते आणि रागही येतो.

कायद्यातही एक मजा आहे. किनारा नियमन क्षेत्राची हद्द खाडीत कुठवर धरायची, हे आपली अधिसूचना खारटपणावरून ठरवते: वर्षातल्या सगळ्यात कोरड्या काळात हजारात पाच भाग मीठ जिथपर्यंत पोचतं, तिथपर्यंत. म्हणजे खाडी कुठे संपते हे ठरवणारा मिठाचा निकष कायद्याला ठाऊक आहे. तो वापरायचा मात्र कुणी कुठे बंगला बांधावा एवढ्यासाठी. नदीत पाणी किती आणि केव्हा सोडावं यासाठी नाही. आता वाशिष्ठीकडे पुन्हा पाहा. ऐन कोरड्या महिन्यात जितकं अवजल जास्त, तितकी ती पाच भागांची रेघ समुद्राकडे ढकलली जाणार. खाडीचं कायदेशीर टोक पोफळीच्या टर्बाइनवर हलतं, आणि नकाशा काढणाऱ्याला वाटतं आपण निसर्ग मोजतो आहोत.

धरणाच्या पर्यावरण अहवालाचंही तसंच. अभ्यासाचं क्षेत्र सहसा प्रकल्पाभोवती दहा किलोमीटरचं. सह्याद्रीच्या पायथ्याशी धरण बांधलं की खाडी त्या वर्तुळाबाहेर, मग अहवालात तिचं नाव कशाला येईल?

म्हादईच्या, म्हणजे गोव्यात जी पुढे मांडवी होते त्या नदीच्या, वादात तरी खाडीचं नाव निघतं. पण तिथेही मला दोन्ही बाजूंचा युक्तिवाद पटत नाही. लवादाने ऑगस्ट २०१८मध्ये निवाडा दिला: कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, त्यातलं ३.९ टीएमसी मलप्रभेत वळवायला. गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३. खोऱ्यात उपलब्ध पाणी सुमारे १८८ टीएमसी धरलं आहे. कर्नाटक म्हणतं, १८८तले ३.९ म्हणजे दोन टक्के, एवढ्याने काय होतं? गोव्यात भाषणं होतात की मांडवी मरणार. वर्षाची सरासरी काढून दोन टक्के म्हणणं ही चलाखी आहे, कारण या नदीचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो आणि प्रश्न उरलेल्या आठ महिन्यांच्या बारीक धारेचा आहे. पण पणजीच्या पुलाखालचा तळ या ३.९ टीएमसीने उजाड होईल, हेही मला खरं वाटत नाही. तिथे भरतीचं राज्य आहे. धोका असलाच तर वरच्या अंगाला, जिथे गोडं आणि खारं एकमेकांत मिसळतं त्या पट्ट्यात. आणि गोव्याने हेही कबूल करावं की मांडवी-झुवारीच्या तळाला खनिजाच्या बार्जेसनी आणि रेती काढणाऱ्यांनी जे दिलं, त्याला कर्नाटक जबाबदार नाही.

हे मी मुद्दाम कडवटपणे लिहितो, कारण असाच एक दावा अमेरिकेत हरला आहे. फ्लोरिडा राज्यातल्या अपालाचिकोला उपसागरातली कालवं देशभर नावाजलेली. २०१२मध्ये ती कोसळली. वरच्या अंगाला जॉर्जिया राज्य, अटलांटा शहराचं पिण्याचं पाणी आणि दक्षिणेतलं सिंचन. पाणी कमी येतं म्हणून खाडी खारी झाली, खारं पाणी मानवणारे भक्षक आणि रोग आत आले, म्हणून कालवं गेली, असं म्हणत फ्लोरिडाने सर्वोच्च न्यायालयात जॉर्जियाविरुद्ध दावा लावला. एप्रिल २०२१मध्ये निकाल लागला, एकमताने फ्लोरिडाच्या विरोधात. खारटपणाने नुकसान झालं नाही असं न्यायालय म्हणालं नाही. जॉर्जियाच्या उपशानेच ते झालं, हे फ्लोरिडाला सिद्ध करता आलं नाही. दुष्काळ होता, कालवं बेसुमार काढली गेली होती, काढल्यावर टरफलं परत तळाला टाकायची असतात ती पुरेशी टाकली नव्हती. तोवर राज्याने स्वतःच्याच उपसागरात कालवं काढायला पाच वर्षांची बंदी घातलेली होती. अमेरिकेसारख्या देशात, ढीगभर शास्त्रज्ञ हाताशी असताना हे झालं. आपल्या खाड्यांच्या बाजूने उद्या कुणी वकील उभा राहिला, तर त्याच्या फायलीत काय असेल? मामीची आठवण?

सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत त्यांनी जरा शहाणपणा केला आहे. १९९५पासून तिथे नदीतून सोडायच्या पाण्याचा एक नियम तळाच्या खारटपणावर बांधलेला आहे. तळाजवळच्या पाण्यात हजारात दोन भाग मीठ असेल ती जागा समुद्राच्या मुखापासून किती किलोमीटरवर आहे, हे मोजायचं. फेब्रुवारी ते जून ही जागा ठरलेल्या टप्प्याच्या वर सरकू द्यायची नाही. सरकू लागली तर धरणांनी पाणी सोडायचं. तिथले शेतकरी यावरून अजून भांडतात, आणि आशियातून आलेल्या एका शिंपल्याने तिथला तळ १९८६नंतर इतका व्यापला की नुसतं पाणी सोडून सगळं भागत नाही. तरी भांडण निदान नेमक्या जागेवरून होतं. आपल्याकडे २०१८मध्ये पर्यावरणीय प्रवाहाची जी अधिसूचना निघाली ती गंगेपुरती, आणि तीही उन्नावपर्यंत. तिथून समुद्र किती लांब आहे ते नकाशात पाहावं.

आता नेहमीचा प्रश्न येईल: शिवल्यांसाठी माणसांना तहानलेलं ठेवायचं का? प्रश्नच लबाड आहे. शिवल्या काढते तीही माणूसच, बहुतेक वेळा बाई, जिच्या नावावर जमीन नाही आणि होडीही नाही. बंदरावर उतरणारी मासळी मोजली जाते. गावच्या बाजारात वाट्यावर विकलेल्या शिवल्या क्वचितच कुठल्या वहीत चढतात. आणि मी पाणी उचलू नका असं म्हणतच नाही. आषाढ-श्रावणातल्या लोंढ्यातलं पाणी उचलायला जागा आहे, भरपूर आहे. लोंढ्याचंही तळ धुऊन काढायचं काम असतं, ते राखून उचला. भाद्रपद-आश्विनातली उतरती धार मात्र जपून, कारण तेव्हाच तळ पुन्हा वसू लागतो. कोरड्या महिन्यांत खाडीचा खारटपणा कुठवर चढू द्यायचा आणि कुठवर उतरू द्यायचा, त्याच्या दोन रेघा आखा. मग त्या रेघांच्या आत राहून जितके टीएमसी मिळतील तितके खुशाल न्या. आकडा कदाचित आजच्या स्वप्नापेक्षा लहान निघेल. निघू दे.

कोयनेचं अवजल मुंबईला किंवा कोकणातल्या शेतीला न्यायची चर्चा अधूनमधून उठते. ते नेलं की वाशिष्ठी पूर्ववत होईल, असं समजून निसर्गप्रेमींनी टाळ्या वाजवू नयेत. साठ वर्षं गोड्या उन्हाळ्याला सरावलेल्या तळावर एका वैशाखात अचानक खारं पाणी चढलं, तर तोही तडाखाच. नदीकाठच्या जॅकवेलमध्ये (पाणी उपसायच्या विहिरीत) मीठ आलं की मग माणसंही ओरडतील. वळवायचं तर टप्प्याटप्प्याने, दरवर्षी तळ पाहत.

तळ पाहायला फार पैसे लागत नाहीत. खारटपणा मोजायचं उपकरण हातात मावतं. रत्नागिरीला शिरगावात मत्स्य महाविद्यालय आहे, चिपळूण-दापोलीत विज्ञान शिकवणारी महाविद्यालयं आहेत, प्रकल्पाच्या विषयांसाठी वणवण करणारी मुलं आहेत. चिपळूणजवळच्या गोवळकोटपासून दाभोळपर्यंत पाच जागा ठरवायच्या. महिन्यातून दोनदा, एकदा उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि एकदा भांगाला (लहान भरतीच्या), तळाचं पाणी काढून मीठ लिहायचं. हातभर चौकटीतला गाळ चाळून त्यात काय जिवंत सापडलं तेही लिहायचं, आणि शेजारी त्या दिवशी पोफळीहून किती पाणी सुटलं होतं तो आकडा. तो आकडा वीजकेंद्राकडे रोजचा असतोच, फक्त मागायचा आहे. जागा निवडताना काठावरच्या बायकांना सोबत घ्यावं. कुठल्या वर्षी कुठे शिवल्या बसल्या नाहीत, ते त्यांना पायांनी ठाऊक असतं.